महासंचालक महोदय, तिने ते बटण दाबावे का?

प्रति,
मा. महासंचालक, विदेश व्यापार,
वाणिज्य व उद्योग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : आठशे ओळींच्या निर्यातीबाबत

महोदय,



आपल्या कार्यालयाची पायरी चढण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. नाशिकची द्राक्षे, सांगलीची हळद, देवगडचा हापूस बाहेर पाठवणारी मंडळी आपल्याला चांगली ओळखतात. मी पुण्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पंचवीस वर्षे संगणकशास्त्र शिकवणारा मास्तर. माझ्या हातून आजवर देशाबाहेर गेले ते फक्त विद्यार्थी, आणि त्यांना आपला परवाना लागत नाही. तरीही हे पत्र आपल्याला, तेही चारचौघांत, लिहितो आहे. कारण माझी एक विद्यार्थिनी निर्यातदार व्हायच्या बेतात आहे आणि परवापरवापर्यंत तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

मुलगी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातली. आई आशा सेविका. गावातल्या गरोदर बायकांच्या, क्षयरोगाची औषधे चालू असलेल्यांच्या, आणखी कुणाकुणाच्या नोंदी आईच्या फोनमध्ये. घरात धड चालणारा फोन तेवढा एकच, म्हणजे तो दिवसभर धाकट्या भावाकडे आणि संध्याकाळी शेजारच्या पोरांच्या हातात. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे हे तिच्या सासूच्या आधी पारावर कळू नये, एवढ्या साध्या कारणासाठी पोरीने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. नोंद टाकली की ती कुलूपबंद होते आणि आईचा परवलीचा शब्द दिल्याशिवाय उघडत नाही. आठशेच्या आसपास ओळी. कुलपाचे तंत्र तिने शोधलेले नाही. जगभर वापरतात त्यांतलेच एक घेतले. त्याचे नाव चाचा-२०. चाचा म्हणजे काका नव्हे, नाचाचा एक प्रकार. या नावामागे एक गोष्ट आहे, ती पुढे सांगतो.

प्रोग्राम चालला, गुण मिळाले. मग तिच्या मनात आले की हा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला टाकावा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आशाताईच्या मुलीला पहिल्यापासून लिहायला नको. कोड ठेवायची सगळ्यांच्या सवयीची जागा अमेरिकेतली. फोनवर ॲप द्यायचे दुकानही अमेरिकेतलेच. त्या दुकानाच्या फॉर्मवर प्रश्न होता : तुमच्या ॲपमध्ये एन्क्रिप्शन (म्हणजे असले कुलूप) आहे का? असल्यास ते अमेरिकेच्या निर्यात नियमांतून सूट मिळणारे आहे का? ती माझ्याकडे आली. ‘‘सर, हो लिहू की नाही?’’ मी तोंड भरून ‘हो’ म्हणणार होतो, पण पन्नाशीनंतर माणूस आधी कुणाला तरी विचारतो. ओळखीतल्या एका कायदेशीर सल्लागारांना विचारले. ते म्हणाले, अमेरिकेचे सोडा, आपल्याकडेही स्कोमेट ही निर्यात-नियंत्रणाची यादी आहे, त्यात आठवा प्रवर्ग आहे, त्यात माहिती-सुरक्षा आहे. खात्री होईपर्यंत प्रकाशित करू नका. या गोष्टीला सात महिने झाले. पोरीला नोकरी लागली, ती हिंजवडीला जाऊ लागली, कोड तसाच पडून आहे.

महोदय, हाच प्रश्न १९९२ साली दुसऱ्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या एका सरकारला विचारला होता. कॅलिफोर्नियात बर्कलेला गणिताचे संशोधन करणारा डॅनियल बर्नस्टीन. त्याने ‘स्नफल’ नावाची एक छोटी युक्ती रचली होती. मजकुराचा ठसा काढणारी जी गणिती यंत्रणा असते, तिच्यावर निर्यातीचे बंधन नव्हते. बर्नस्टीनने दाखवले की अशा ठसायंत्राभोवती चार ओळी गुंडाळल्या की त्याचे कुलूप होते, आणि कुलपावर मात्र बंधन होते. त्याने हे सरळ छापून टाकले असते तर बहुधा कुणाचे लक्षही गेले नसते. पण तो सज्जन. त्याने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला विचारले, मला हे प्रसिद्ध करायला परवाना लागेल का? उत्तर आले : लागेल. त्या काळी तिथे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर युद्धसामग्रीच्या यादीत बसवलेले होते, रणगाडे आणि क्षेपणास्त्रांच्या पंगतीला. म्हणजे काही ओळींचा लेख छापायला शस्त्रांच्या व्यापाऱ्याचा परवाना. पुढच्या वर्षी त्याने आपल्या कामाचे पाच तुकडे केले. निबंध वेगळा, कोड वेगळा, वापराच्या सूचना वेगळ्या, असे करून पुन्हा विचारले, निदान यातले कोणते चालेल? उत्तर आले, पाचही युद्धसामग्री. निबंधसुद्धा.

१९९५ मध्ये तो न्यायालयात गेला. न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी १९९६ साली म्हटले की सोर्स कोड हे भाषण आहे, आणि भाषणाला राज्यघटनेचे संरक्षण आहे. (पटेल हे आडनाव वाचून आपल्याकडच्या मंडळींचे कान टवकारतात, म्हणून सांगतो : बाई अमेरिकी, आडनाव नवऱ्याकडून आलेले.) मे १९९९ मध्ये वरच्या न्यायालयाच्या तीनपैकी दोन न्यायाधीशांनी त्याच बाजूने कौल दिला. सरकारने फेरसुनावणी मागितली, ती मिळाली, आणि सुनावणी व्हायच्या आत नियमच बदलले गेले. विचारल्याच्या दिवसापासून मोजले तर साधारण आठ वर्षे.

मी हे सगळे आपल्याला का सांगतो आहे? आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण फाइलवर एक गोष्ट दिसत नाही आणि वर्गात ती रोज दिसते : अशा बंधनात जो विचारतो तोच अडकतो. बर्नस्टीनच्या एक वर्ष आधी, जून १९९१ मध्ये, कोलोरॅडोतल्या फिल झिमरमनने पीजीपी नावाचा प्रोग्राम लिहिला. घरच्या संगणकावर चालणारे, सामान्य माणसाच्या पत्रव्यवहारासाठीचे भक्कम कुलूप. मित्रांनी ते इकडेतिकडे टाकले आणि काही दिवसांत ते अमेरिकेबाहेर पोहोचलेही. कुणी परवानगी विचारली नव्हती. सरकारी वकिलांनी झिमरमनच्या मागे चौकशी लावली, ती जवळजवळ तीन वर्षे चालली, आणि जानेवारी १९९६ मध्ये आरोप न ठेवता गुंडाळली गेली. तोवर पीजीपी जगभर पसरले होते. बंधनाने थांबवले कुणाला? ज्याने फॉर्म भरला त्याला.

आता माझ्या विषयाची एक गंमत सांगतो, कारण तिच्यातच सगळी मेख आहे. सोर्स कोड ही वस्तू दोन जातींची असते. तो यंत्राला दिलेला हुकूम असतो आणि माणसाने माणसाला लिहिलेले पत्रही असतो. माझ्या विद्यार्थिनीच्या आठशे ओळींत शंभरेक ओळी तर मराठीतल्या टिपाच आहेत, पुढच्या वाचणाऱ्याला हे असे का केले ते सांगणाऱ्या. यंत्र त्या वाचत नाही, ओलांडून जाते. मग ही निर्यात कुणाची, पत्राची की यंत्राची?

अमेरिकेतल्या फिल कार्न नावाच्या अभियंत्याने १९९४ मध्ये हा प्रश्न फार सुबकपणे विचारला. ब्रूस श्नायर यांचे एन्क्रिप्शनवरचे एक जाडजूड पुस्तक तेव्हा नुकतेच आले होते. मागच्या पानांत सोर्स कोड छापलेला. कार्नने सरकारला विचारले, हे पुस्तक परदेशी पाठवू का? सरकार म्हणाले, खुशाल पाठवा, पुस्तक आहे. मग त्याने तोच कोड, तीच अक्षरे, एका फ्लॉपीवर घातली आणि पुन्हा विचारले. सरकार म्हणाले, ही युद्धसामग्री. कागदावर असेल तर ज्ञान, चकतीवर असेल तर दारूगोळा! आपल्याकडे सोवळ्याचे नियम असे असत : तेच पाणी तांब्यात चालते, बाटलीत चालत नाही.

हा भेद कळल्यावर लोकांनी काय केले असेल? पुस्तके छापली. १९९५ मध्ये एमआयटीच्या प्रकाशनाने पीजीपीचा संपूर्ण सोर्स कोड पुस्तकरूपाने काढला. मग १९९७ मध्ये पाचव्या आवृत्तीचा कोड बारा खंडांत छापला गेला, सहा हजारांवर पाने, आणि ती पाने रीतसर, कायदेशीर मार्गाने युरोपात गेली. तिथे सत्तरहून अधिक लोकांनी मिळून हजारावर तास खर्चून ती स्कॅन केली, तपासली आणि पुन्हा चालणारा प्रोग्राम बनवला. नेदरलँड्समध्ये एका मोकळ्या माळावर त्या उन्हाळ्यात संगणकवेड्यांचा मेळावा होता. शेवटचा हात तिथे तंबूत बसून फिरवला. छापताना अमेरिकेतल्यांनी दूरदृष्टी ठेवली होती. प्रत्येक ओळीच्या कडेला त्या ओळीची बेरीज छापली होती, म्हणजे स्कॅनरने एकाच्या जागी एल वाचला तर लगेच कळावे. आमच्याकडे जुने पोथीकार शेवटी श्लोकसंख्या लिहीत, त्यातलाच प्रकार. एवढी मेहनत कशासाठी, तर जी फाइल टेलिफोनच्या तारेवरून काही मिनिटांत गेली असती ती कायदा न मोडता पाठवता यावी म्हणून. मला हा प्रसंग हास्यास्पद वाटत नाही. कायद्याची इतकी अदब राखून कायद्याचा पोकळपणा दाखवणारी माणसे मला फार आवडतात.

काहींना एवढा धीर नव्हता. ब्रिटनमधल्या ॲडम बॅकने आरएसए ही त्या काळची सर्वांत मातब्बर पद्धत पर्ल भाषेतल्या तीन ओळींत बसवली. मग त्या तीन ओळी टी-शर्टवर छापल्या गेल्या. सोबत इशाराही, की हा सदरा युद्धसामग्री आहे. तो घालून विमानात बसले की शस्त्रांची निर्यात.

क्लीव्हलंडला पीटर जंगर नावाचे कायद्याचे एक प्राध्यापक होते. संगणक आणि कायदा हा त्यांचा वर्ग. उदाहरणादाखल त्यांनी एक अगदी लहान एन्क्रिप्शन प्रोग्राम लिहिला होता. नियम पाहता, वर्गात परदेशी विद्यार्थी बसला असेल तर तो शिकवणे म्हणजेही निर्यात ठरत होती. त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांना त्या वर्गात घेणे थांबवले आणि खटला भरला; एप्रिल २००० मध्ये तिथल्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही सोर्स कोडला भाषण मानले. मास्तर म्हणून मला या प्रकरणाचा जास्त त्रास होतो. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन नेपाळी, एखादा सुदानी, एखादा येमेनी विद्यार्थी असतो. मी फळ्यावर चाचा-२० चा गाभा लिहितो तेव्हा खडू हातात असताना मी निर्यात करत असतो का, हा विचार गेल्या सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला. न आला असता तर बरे झाले असते.

आपण म्हणाल, सरकारांना भीती वाटते ती उगाच नाही. मान्य. माझा भाऊ सैन्यात होता. शत्रूचा संदेश वाचता येणे म्हणजे काय ते मला घरात बसून कळलेले आहे. भक्कम कुलूप चोराच्या हातीही पडते, आणि पोलिसाला दार उघडायचे असते तेव्हा ते उघडत नाही. पण अमेरिकेने या भीतीपोटी जे केले त्याची किंमत कुणी मोजली ते पाहू.

तिथे नियम असा होता की बाहेर पाठवायचे कुलूप कमकुवत असले पाहिजे. बराच काळ मर्यादा होती चाळीस बिटांची. म्हणजे संभाव्य किल्ल्या साधारण एक लाख दहा हजार कोटी. ऐकायला संख्या मोठी आहे. जानेवारी १९९७ मध्ये बर्कलेच्याच इयान गोल्डबर्ग नावाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठातले अडीचशेएक संगणक कामाला लावले आणि अशी किल्ली साडेतीन तासांत शोधली. त्या वेळी मी पुण्यात नवा नवा नोकरीला लागलो होतो. आमच्या वाट्याला ब्राउझरची ‘आंतरराष्ट्रीय’ आवृत्ती यायची. तो शब्द वाचून आम्हाला वाटे, वा, आंतरराष्ट्रीय दर्जाची! ती होती चाळीस बिटांची, निर्यातीसाठी मुद्दाम पातळ केलेली. १२८ बिटांची खरी आवृत्ती हवी असेल तर आपण अमेरिकेत किंवा कॅनडात आहोत असे लिहून द्यावे लागे. शनिवार पेठेत बसून मी ते लिहून दिले नाही, याचा तेव्हा अभिमान वाटला होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे. २००० साली बंधन सैल झाले, पातळ कुलपे कुणालाच नको होती, तरी सर्व्हरच्या पोटात ती तशीच पडून राहिली, जुन्या वाड्यात भिंतीत बुजवलेल्या दारासारखी. मार्च २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवले की मध्ये बसलेला चोर तेव्हाच्या ब्राउझरला आणि सर्व्हरला फसवून त्या जुन्या ‘निर्यात दर्जाच्या’ ५१२ बिटांच्या आरएसए किल्लीवर (आरएसएच्या बिटांचे माप वेगळे, आकडा मोठा दिसला तरी कुलूप पातळच) उतरवू शकतो, आणि ती किल्ली भाड्याच्या संगणकांवर शंभरेक डॉलरांत, काही तासांत फुटते. या दोषाचे नाव ठेवले फ्रीक. ज्या संकेतस्थळांवर हे चालत होते त्यांत व्हाइट हाऊसचे होते, आणि दुसऱ्यांचे संदेश वाचणे हेच जिचे काम त्या अमेरिकी संस्थेचे, एनएसएचेही होते. दोन महिन्यांनी लॉगजॅम नावाचा तसाच दुसरा दोष निघाला. त्याचेही मूळ निर्यात दर्जातच. परक्यांना द्यायला म्हणून जे दार कच्चे ठेवले, ते पंधरा वर्षांनी घरच्याच भिंतीत सापडले.

निर्यातबंधनाच्या काळातच, १९९३ मध्ये, तिथल्या सरकारने आणखी एक तोड काढली होती : क्लिपर चिप. कुलूप पक्के, पण प्रत्येक कुलपाची एक किल्ली सरकारकडे, दोन तुकडे करून दोन खात्यांत ठेवलेली. आतली पद्धत गुप्त. आमच्या बाजार समित्यांत पूर्वी हत्ता पद्धत असायची. रुमालाखाली दोन व्यापारी बोटांनी भाव ठरवत आणि शेतकरी रुमालाकडे पाहत उभा. क्लिपरमध्ये सगळी जनता त्या शेतकऱ्याच्या जागी होती. पुढच्याच वर्षी संशोधक मॅट ब्लेझ यांनी तिच्यातली गफलत दाखवून दिली आणि ती चिप फारशी कुणी घेतली नाही.

कुलपाची पद्धत उघडी असावी आणि किल्ली तेवढी गुप्त, हे तत्त्व काही आजचे नाही, केर्कहोफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने १८८३ मध्ये मांडले. लहानपणी आम्ही ‘च’ची भाषा बोलायचो. तिच्यात गुपित असते ते नियमात. नियम धाकट्या बहिणीला कळला की सगळे संपले. चाचा-२० चा नियम जगाला माहीत आहे, माहीत असलाच पाहिजे. हजार जाणकारांनी तो फोडायचा प्रयत्न करून हात टेकले म्हणूनच माझी विद्यार्थिनी आईच्या नोंदी त्याच्या भरवशावर ठेवते. म्हणजे सोर्स कोड उघडा असणे ही कुलपाची कमजोरी नाही, तेच त्याचे बळ आहे. प्रकाशन अडवले की कुलपाची परीक्षाच अडते.

अमेरिकेने शेवटी काय केले ते थोडक्यात सांगतो. १९९६ च्या शेवटी एन्क्रिप्शन युद्धसामग्रीच्या यादीतून काढून वाणिज्य खात्याकडे दिले. जानेवारी २००० मध्ये नियम आला की सर्वांसाठी खुल्या केलेल्या सोर्स कोडला परवाना नको. प्रकाशित करताना कुठे ठेवला आहे त्याचा पत्ता एका ईमेलने कळवा, बस. २०२१ मध्ये, पद्धत प्रमाणित असेल तर, तो ईमेलही माफ केला. सगळे गोड झाले असे नाही. २०१९ मध्ये कोड ठेवण्याच्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळाने इराण, सीरिया, क्रिमियातल्या प्रोग्रामरांच्या खात्यांवर निर्बंध आणले, कारण देशांवरचे निर्बंध हा वेगळा कायदा आहे. पण खुल्या कोडची वाट मोकळी झाली, आणि ती का झाली हे तिथल्या कोणत्याही विद्यार्थ्याला एका पानात वाचायला मिळते.

आता आपल्याकडे येतो.

आपण या खेळात मार खाल्लेल्या बाजूचे. १९८०च्या दशकाच्या शेवटी मोठा क्रे संगणक अमेरिकेने आपल्याला दिला नाही. हवामानासाठी लहान दिला, तोही अटींसह. त्यातून १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक उभे राहिले आणि १९९१ मध्ये विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परम ८००० हा महासंगणक उभा केला. ही कथा आम्ही पुणेकर फार रंगवून सांगतो. पण तिच्यातले एक कलम सांगायचे राहून जाते : क्रे अडवता आला, कारण तो खोका होता. तो जहाजातून यायचा होता. माझ्या विद्यार्थिनीच्या कोडला जहाज लागत नाही.

आणि आपले स्वतःचे नियम? इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या परवान्यात बरीच वर्षे अट होती की चाळीस बिटांपर्यंतचे एन्क्रिप्शन विनापरवानगी वापरा. त्यापुढे परवानगी घ्या आणि किल्लीचे दोन तुकडे सरकारकडे जमा करा. तीच चाळीस बिटे! अमेरिकेने आपल्याला पातळ करून पाठवलेल्या दुधाला आपण आपले प्रमाण मानले. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांची सुरक्षा सुचवली, म्हणजे एका खात्याचे पाळले की दुसऱ्याचे मोडते. प्रत्यक्षात कुणी किल्ल्या जमा करत बसले नाही, बँका चालू राहिल्या, आणि नियम कागदावर राहिला. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. संदेशांची साधी, उघडी प्रत नव्वद दिवस जपून ठेवा, असे त्यात सामान्य माणसालाही सांगितलेले. एन्क्रिप्शनची उत्पादने निर्यात करता येतील, पण आधी कळवून, असेही त्यात होते. गदारोळ झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मसुदा मागे घेतला गेला. तो मागे घेतला हे चांगलेच झाले. पण त्याच्या जागी सामान्य माणसाला समजेल असे काय आले?

डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेत सामील झाला. हेगजवळच्या एका टुमदार गावाचे नाव धारण करणारी बेचाळीस देशांची ही मंडळी. शस्त्रे आणि लष्करी व नागरी अशा दोन्हीकडे वापरता येणाऱ्या वस्तू कुणी कुणाला द्याव्यात याच्या याद्या तिथे ठरतात. त्याच याद्यांच्या धर्तीवर आपल्या स्कोमेटचा आठवा प्रवर्ग आहे आणि एन्क्रिप्शन त्यात आहे. आता नीट पाहिले तर वासेनारच्या यादीतच एक टीप आहे, आणि ती फार मोलाची आहे : जे सॉफ्टवेअर पुढे वाटण्यावर बंधन न ठेवता सर्वांसाठी उपलब्ध केलेले आहे, त्यावर हे नियंत्रण नाही, आणि केवळ स्वामित्वहक्क राखलेला आहे म्हणून ही सूट जात नाही. सार्वजनिक ज्ञानाला वगळण्याची ही कल्पना आपल्या यादीतही आहे. मग माझे पत्र इथेच संपायला हवे होते. आमच्या सल्लागारांनाही मी हेच दाखवले. ते हुशार गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘उपलब्ध केलेले आहे, असे लिहिले आहे ना? भूतकाळ. तुमचा कोड अजून उपलब्ध झालेला नाही. तो उपलब्ध होणार आहे ते अमेरिकेतल्या सर्व्हरवर चढवल्यावर. म्हणजे चढवताना तो बंधनात आहे आणि चढल्यावर मुक्त. मधला क्षण कुणाचा?’’

महोदय, या मधल्या क्षणावर मला आपल्याकडून उत्तर हवे आहे. सल्लागारांचा अर्थ मला चुकीचा वाटतो. प्रकाशित करण्याच्या कृतीला प्रकाशनाची सूट नसेल तर ती सूट कुणालाच, कधीच मिळू शकणार नाही. पाण्यात उतरल्याशिवाय पोहायला येत नाही म्हणायचे आणि पोहता येईपर्यंत पाण्यात उतरू नका म्हणायचे, असा तो प्रकार होईल. पण माझ्या वाटण्याला फॉर्मवर जागा नाही, आणि विदेश व्यापार कायद्याखालच्या शिक्षेचा विचार बावीस वर्षांच्या मुलीने माझ्या वाटण्यावर विसंबून करावा असे मला वाटत नाही.

लष्करासाठी मुद्दाम घडवलेली संदेशयंत्रे, दुसऱ्याचे फोन फोडणारी साधने, बंद खोक्यात विकली जाणारी खास उपकरणे यांवर आपण नजर ठेवावी. ती ठेवायलाच हवी. तिथे विकत घेणारा कोण, कुठला, हे विचारता येते, कारण एक विकणारा आणि एक घेणारा असतो. खुल्या कोडला घेणारा नसतोच, किंवा सगळेच असतात. तिथे परवाना कुणाच्या नावाने देणार?

माझे मागणे छोटे आहे. आपल्या खात्याने एक पान काढावे. त्यात लिहावे की कुणाही भारतीयाने सर्वांना मोफत आणि विनाबंधन वाचता यावा म्हणून प्रकाशित केलेला एन्क्रिप्शनचा सोर्स कोड, तो देशातल्या सर्व्हरवर ठेवो की परदेशातल्या, स्कोमेटच्या परवान्याच्या कक्षेत येत नाही. आणि प्रकाशित करण्याची कृतीही येत नाही. वर्गात शिकवणेही येत नाही, हे जोडले तर माझा खडू हलका होईल. अपवाद ठेवायचे असतील तर तेही त्याच पानात, नाव घेऊन. ते पान इंग्रजीत असेलच. मराठीत आणि इतर भाषांतही असावे. कारण असले कोड आता फक्त हिंजवडीत आणि बंगळुरूत लिहिले जात नाहीत, आटपाडीतही लिहिले जातात. आणि आधी कळवण्याची अट घालायचा विचार असेल, तर कृपया अमेरिकेने एकवीस वर्षे ते ईमेल गोळा करून शेवटी का सोडून दिले ते आधी पाहावे.

चाचाची गोष्ट सांगायची राहिली. बर्नस्टीन खटल्यातून मोकळा झाला आणि त्याने स्नफलचा धागा पुन्हा हातात घेतला. २००५ मध्ये युरोपातल्या एका स्पर्धेला त्याने नवे कुलूप पाठवले. निबंधाला नाव दिले ‘स्नफल २००५’, आणि कुलपाला साल्सा-२०. तीन वर्षांनी त्याचीच सुधारलेली आवृत्ती आली, दुसऱ्या नाचाच्या नावाची. ती आज कोट्यवधी फोनमध्ये आहे, ब्राउझरमध्ये आहे, बहुधा आपल्या टेबलावरच्या फोनमध्येही आहे. १९९२ साली ज्याच्या पहिल्या खर्ड्याला एका सरकारने दारूगोळा म्हटले होते, तेच कुलूप आटपाडीच्या आशाताईंच्या नोंदवहीला लागले आहे.

तो प्रोग्राम माझ्या संगणकावर तयार आहे. पोरगी दर रविवारी फोन करते आणि आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करून मग तेच विचारते, सर, प्रकाशनाचे बटण दाबू का? पुढच्या महिन्यात तिच्या आईच्या आरोग्य केंद्रातल्या आणखी सहा सेविकांना तो हवा आहे. त्यांना तो पेन ड्राइव्हवर द्यायला कुणाची हरकत नाही, तो सांगली जिल्ह्यातच राहील. पण त्यांतली एक सीमेपलीकडे, विजापूरकडे माहेराजवळ, राहायला जाण्याची शक्यता आहे म्हणे. ते आंतरराज्य आहे, आंतरराष्ट्रीय नाही, एवढे मी तिला माझ्या जबाबदारीवर सांगितले आहे. बाकीचे आपण सांगावे.

आपला विश्वासू,
पुण्यातला एक संगणकशास्त्राचा शिक्षक